हात टेकून उठताना

अमरावतीच्या डॉक्टरांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "बाई, इथं खाली फरशीवर बसा."

मला वाटलं, माझी खुर्ची दुसऱ्या कोणाला हवी असेल. मी बसायला लागले. अर्ध्यापर्यंत नीट गेले आणि पुढे धप्पकन खाली पडले.

"आता उठा. टेबलाला धरू नका."

माझा मुलगा नीलेश शेजारी उभा होता. दारात एक कंपाउंडर होता. दोघांसमोर मला उठायचं नव्हतं. कित्येक महिने मी कोणासमोर जमिनीवरून उठलेच नव्हते. कोणी असलं की मी बसून राहायची. सगळे गेले की माझ्या पद्धतीनं उठायची.

डॉक्टर म्हणाले, "घरी एकट्या असताना जसं उठता, तसंच उठा. मला तेच पाहायचं आहे."

मग मी वळले. दोन्ही हात आणि गुडघे टेकले. कंबर वर केली. हात आधी नडगीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी वर आले. पदर खाली पडला होता. नीलेश भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

डॉक्टरांनी मान हलवली. "याला प्रॉक्झिमल मायोपथी म्हणतात," ते म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकलेली. हे नाव मी नंतर सुनेकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. अर्थ सोपा आहे. धडाच्या जवळचे स्नायू म्हणजे मांड्या, कंबर, खांदे हे दुबळे होतात. पंजे आणि बोटं चांगली राहतात. म्हणून बाई चालते, भाकरी थापते, कोणाला काही कळत नाही. खाली बसली की कळतं.

"कशामुळं झालं ते तपासण्यांवरून कळेल," डॉक्टर म्हणाले. "आधी मला सांगा, वजन इतकं कसं उतरलं?"

नीलेश आनंदानं म्हणाला, "उपास करते ते, सायब. चांगलं बारीक झाली."

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

*

मी अंजनगाव सुर्जीची. आमच्या भागात विड्याच्या पानांचे मळे आहेत. नवरा वारल्यापासून मी एका मळ्यात पानं खुडायला जाते. अंगठ्यात पत्र्याची नखी घालायची, देठ तोडायचं, पान कमरेच्या ओटीत टाकायचं. मळ्यात चप्पल घालून जात नाहीत, बाहेर काढून ठेवतात. आत वेलांची आणि झाडांची दाट सावली. उन्हाळ्यातही पायाखालची माती थंड लागते. अंगात लुगड्यावरून नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा. ऊन लागू नये म्हणून आम्ही सगळ्या तसंच करतो. दुपारनंतर खाली बसून पानं निवडायची आणि जुड्या लावायच्या.

मी लहानपणापासून अंगानं भरलेली. मळ्यातल्या बायका म्हणत, "मंदे, तू जरा आडवी होऊन चाल वं, वेल घेऊन जाशीन सोबत." मी हसायची. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण नीलेशच्या लग्नात फोटोवाला मला म्हणाला, "मावशी, थोडं मागं व्हा, पोरगी झाकून राहिली," आणि मी मागं झाले ते पूर्ण लग्नभर मागंच राहिले. त्या फोटोंत माझा एक कान आणि थोडा पदर आहे.

त्यानंतरच्या चातुर्मासात गल्लीतल्या बायकांनी धारणं-पारणं धरलं. एक दिवस कडक उपास, दुसऱ्या दिवशी जेवण. मीही धरलं. दिवाळीपर्यंत माझी पोलकी ढिली झाली. मळ्यात ज्या बायका वेल घेऊन जायच्या गोष्टी करत होत्या, त्याच म्हणाल्या, "काय वं मंदे, चवळीची शेंग झाली!" जन्मात पहिल्यांदा मला कोणी असं म्हटलं होतं. ते शब्द मी घरी नेऊन मनात घोळवले.

चातुर्मास संपला. बाकीच्यांनी उद्यापन करून जेवायला सुरुवात केली. मी तसंच चालू ठेवलं. डाळीनं अंग सुटतं असं कोणी म्हणालं, डाळ सोडली. दूध सोडलं. जेवणाच्या दिवशीही एक भाकर आणि मिरचीचा ठेचा. गल्लीतले लोक म्हणायचे, मंदाबाईचा नेम फार कडक आहे. मी त्यांना तसंच समजू द्यायची.

दुखणं गुपचूप आलं. आधी मांड्या जड झाल्या. मग नडगीवर बोट दाबलं तरी हाड दुखायचं. उंच वेलाकडे हात नेला की हात आपोआप खाली यायचा. परतवाड्याच्या बसची पायरी चढताना मागच्या बाईला लोटायला सांगावं लागायचं. वजन कमी होत होतं, तरी पाय जड का होतात, हा प्रश्न मला पडला होता. मी उत्तरही काढलं होतं. चरबी निघून जाते तेव्हा त्रास होणारच, घर खाली करताना सामान ओढावं लागतं तसं. मला ते पटलं होतं.

गावच्या दवाखान्यात गेले तर मीच म्हटलं, "डॉक्टरसायब, एक सलाईन लावून द्या." आमच्याकडे बाटली चढली की ताकद येते असं सगळेच मानतात. बाटली चढली. दोन दिवस बरं वाटलं. पुन्हा तेच.

*

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना मळ्याच्या मालकाकडे स्वयंपाकाला गेले. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर आम्ही कामाच्या बायका पंगतीला बसलो. आंबील, पुरण, सोळा भाज्या. जेवण झालं, सगळ्या उठल्या. मला उठता येईना.

"आंबील जास्त झाली वाट्टे मंदेले," कोणीतरी म्हणालं. हशा झाला. मीही हसले.

एकीनं झाडू आणला. "उठ नं वं, पत्रावळी उचलाच्या हायेत."

"पायाले मुंग्या आल्या," मी म्हटलं.

शमीमआपा त्याच पंगतीत होती. तिची आणि माझी भिंत एक आहे. तिचा बांगड्यांचा धंदा आहे, मालकीणबाई तिला दरवर्षी आग्रहानं जेवायला बोलावतात. ती हात धुऊन परत आली आणि माझ्यासमोर नुसती उभी राहिली. खोलीतल्या बायका बाहेर जाईपर्यंत काही बोलली नाही. मग दार लोटलं, माझ्या काखेत दोन्ही हात घातले आणि मला वर ओढलं. तिला धाप लागली.

"कितने दिन से आ रही ये मुंग्या?" तिनं विचारलं.

मी पडलेला पदर सारखा करू लागले.

"मेरी सास को लकवा हुआ था, मंदा. मेरे से मत छुपा." त्याच दुपारी तिनं अकोल्याला नीलेशला फोन लावला. लकवा नव्हता, पण तिनं फोन केला नसता तर मी पुढची महालक्ष्मीसुद्धा मुंग्यांवरच काढली असती.

*

अमरावतीला तपासण्या झाल्या. रक्त काढलं. हाडांचे एक्सरे झाले. एक ईएमजी नावाची तपासणी असते. त्यात मांडीत बारीक सुई टोचतात आणि पाय हलवायला सांगतात. स्नायू काम करतो तेव्हा मशीनमधून पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज येतो. दुखतं, पण सहन होतं. मला सुईपेक्षा लुगडं वर घ्यायची लाज जास्त वाटली. तिथली नर्स म्हणाली, "मावशी, इथं सगळ्यांच्या मांड्याच येतात." मला तिचं बोलणं आवडलं.

रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसायचं. शेजारी तिवसा भागातली एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "तुमाले काय झालं वं बाई?"

"उठता येत नाई."

"मले बसता येत नाई," ती उभ्यानंच म्हणाली. "आपल्या दोघीची मिळून एक धड बाई झाली असती."

त्या दिवसांत नीलेश माझ्याशी फार गोड बोलत होता. चहा आणून द्यायचा, पंखा माझ्याकडे फिरवायचा. त्यावरून मी ओळखलं की त्याला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं आहे. स्नायू हळूहळू वाळत जाण्याचे काही आजार असतात आणि त्यांना औषध नसतं. डॉक्टरांना आधी त्यांचा संशय होता, हे मला नंतर कळलं.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं. "ऑस्टिओमलेशिया आहे. म्हणजे हाडं मऊ पडणं. शरीरात व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. ते नसलं की हाडं दुखतात आणि मांड्यांची ताकद जाते. पण तुम्ही तर शेतात काम करता. ऊन लागत नाही?"

नीलेश म्हणाला, "सायब, पानमळ्यात दिवसा कंदील लावा लागते."

"आणि डाळ, दूध, सगळं बंद. शरीरानं खायचं कोणाला? त्यानं तुमच्या मांड्या खाल्ल्या. तुम्हाला वाटलं चरबी जाते आहे. चरबीसोबत मांस गेलं." मग ते म्हणाले, "हा बरा होणारा आजार आहे. गोळ्या आणि पावडरीनं रक्तातली कमतरता भरेल. स्नायू मात्र गोळीनं येत नाही. त्याला अन्न लागतं आणि रोज काम लागतं. आजपासून वजनकाटा विसरा. काय काय करता येतं, तेवढं मोजा."

मला एकच प्रश्न सुचला. "डॉक्टरसायब, मी पुन्हा लठ्ठ होईन का?"

नीलेशनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "व्हा थोड्या. चालेल मला."

*

नीलेश मला अकोल्याला त्याच्या घरी घेऊन गेला. पहिल्या माळ्यावर दोन खोल्या आहेत. जिना चढताना तो पुढून ओढत होता आणि सून कल्पना मागून लोटत होती.

अकोल्यात मला काही कमी नव्हतं. पण संडासला जाताना कल्पना सोबत यायची, आत धरून बसवायची, बाहेर तोंड फिरवून उभी राहायची आणि मी हाक मारली की उचलायला यायची. तिनं कधी नाक मुरडलं नाही. ती शाळेत डबे बनवायला जाते, तिला सकाळी घाई असते. ती निघायच्या आत मला सगळं उरकावं लागायचं. पुढे मी दुपारी पाणी पिणं सोडलं, म्हणजे ती येईपर्यंत जायची गरज पडू नये. ज्या बायकांवर अशी वेळ येईल त्यांना हे सांगते, कारण कोणी सांगत नाही. आजारात दुखण्यापेक्षा हे जास्त खातं.

एका संध्याकाळी नीलेश म्हणाला, "आई, मी काय म्हंतो, अंजनगावचं घर आपन भाड्यानं देऊन टाकू. तिथल्या शाळेतले एक मास्तर मागून राह्यले. तू आता इथंच राह्य."

"बरं झाल्यावर मी जाईन न."

"एकटी पडली तं कोन उचलन तुले? शमीमआपा? ते स्वतः साठीची झाली. दार आतून बंद असलं तं कोनाले समजन तरी काय?"

त्याचं खरं होतं. माझ्या घरात दोन खोल्या, एक आंगण आणि जमिनीलगतचा साधा संडास आहे. पाणी नळावरून आणावं लागतं. त्या घरात मी सकाळी चहा घेऊन दारात बसते, मनाला येईल तेव्हा स्वयंपाक करते आणि कोणाच्या घाईत माझी घाई मिसळत नाही. मुलाकडे राहणं वाईट नाही. पण ते घर गेलं की मी सगळीकडे पाहुणी होणार होते.

*

डॉक्टरांनी अकोल्यातल्या एका फिजिओथेरपीच्या मॅडमकडे जायला सांगितलं होतं. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामानं उपचार. मॅडम माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांच्या हॉलच्या एका अंगाला तरणी पोरं आरशासमोर लोखंड उचलत होती आणि दंड वळवून बघत होती. काही बायका पोट कमी करायला आलेल्या. दुसऱ्या अंगाला आम्ही, म्हणजे लकव्याचे, मोडलेल्या हाडांचे आणि मी.

मॅडमनी विचारलं, "काकू, तुमाले काय पायजे?"

घरच्यांपाशी जे बोलले नव्हते ते तिथं बोलले. "मले माह्या घरी जायचं हाये."

"घरी काय काय काम पडते?"

मी सांगितलं. नळावरून बादली आणणं. उंच वेलाची पानं खुडणं. खाली बसून जुड्या लावणं. मग आवाज बारीक करून म्हटलं, संडासला एकटीनं जाणं.

"झालं तं मग," मॅडम म्हणाल्या. "हाच आपला व्यायाम. पोट-दंड आपल्याले काई कराचं नाई. अन् एक अजून शिकायचं, पडल्यावर एकटीनं उठणं. ते आलं की तुमच्या पोराशी मी बोलते."

मी समोरच्या आरशात बघत होते. पांढरे केस, वाकलेली कंबर, चवळीची शेंग. मॅडमनी माझी खुर्ची वळवली. "त्याच्याकडं पाठ करा काकू. त्याचं इथं काई काम नाई."

सुरुवात उंच खुर्चीनं झाली. खाली गाद्या घातलेल्या. हात छातीशी धरायचे, पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं आणि उठायचं. जमलं की एक गादी काढायची. मग खांद्याच्या वर पाण्याची बाटली धरून उभं राहायचं, हे पानं खुडण्याचं. मग रिकामी बादली घेऊन चालायचं, मग थोडं पाणी घालून. गजाला धरून उकिडवं बसायचं. एका गोष्टीचंही नाव मोठं नव्हतं. मी जन्मभर जे केलं तेच मला हळूहळू परत शिकवलं गेलं.

घरी कल्पना डाळीचं वरण, दूध, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे समोर ठेवायची. सकाळी गच्चीवर हात आणि नडग्या उघड्या ठेवून उन्हात बसायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला लाज वाटायची. शेजारच्या गच्च्यांवरून लोक दिसत. मग कल्पना कुरड्यांचा चीक घेऊन वर यायला लागली. बाह्या वर करून माझ्या बाजूला बसायची. दोघी असलो की कोणी बघत नाही, किंवा बघितलं तरी चालतं.

एक दिवस माझं पोलकं काखेत दाटलं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मी त्या दिवशी अर्धी भाकर टोपल्यात परत ठेवली, दुसऱ्या दिवशीही ठेवली. हॉलमध्ये गादी काढलेल्या खुर्चीवरून उठताना माझे पाय लटलट कापले आणि मी परत बसले.

"काय जेवल्या काल?" मॅडमनी विचारलं.

मी सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. "अर्धी भाकर घरी ठेवली नं, तं तेवढी मांडी घरीच राह्यली," म्हणाल्या आणि गादी परत खुर्चीवर टाकली. ती गादी पुन्हा निघायला कितीतरी दिवस गेले. त्यानंतर मी टोपल्यात काही परत ठेवलं नाही.

*

पडल्यावर उठायचं शिकणं सगळ्यात अवघड होतं, आणि ताकदीमुळं नाही. मॅडम म्हणाल्या, तुम्ही डॉक्टरांना जसं उठून दाखवलं तीच रीत बरोबर आहे. कुशीवर वळायचं, रांगायच्या स्थितीत यायचं, एक पाय पुढे टाकायचा, कंबर आधी वर न्यायची आणि मग हात मांडीवर घेऊन सरळ व्हायचं. मी इतके महिने जे लपवलं तेच आता नीट शिकायचं होतं. "सुंदर उठाची काई गरज नाई," त्या म्हणायच्या. "उठाची गरज हाये."

ते मी कोपऱ्यात पडदा ओढून करायची. पडद्याआड मला येऊ लागलं होतं.

मास्तरांना आता पुढच्याच आठवड्यात घर हवं होतं. मॅडमनी नीलेशला बोलावून घेतलं. तो कामावरून हेल्मेट हातात घेऊन तसाच आला. पडद्याच्या आत त्या वेळी दुसऱ्या एका बाईला शेक देत होते. हॉल भरलेला होता. आरशासमोरची पोरं, बाकावर बसलेली माणसं.

"इथंच दाखवा, काकू," मॅडम म्हणाल्या.

मी मान हलवून नाही म्हटलं.

मॅडमनी आग्रह केला नाही. नीलेश म्हणाला, "राहू द्या मॅडम. तिले लाज वाटते. मी मास्तरले हो सांगून देतो." त्यानं ते मायेनंच म्हटलं होतं. माझी सुटका करत होता तो. आणि खिशातून फोन काढत होता.

मी पदर कमरेला खोचला आणि फरशीवर आडवी झाले.

वरून पंखा दिसत होता. कुशीवर वळले. हात टेकले, गुडघे टेकले. पाय पुढे टाकला. कंबर वर जाऊ लागली. पोरांचं लोखंड वाजायचं थांबलं होतं. बाकावर एक लकव्याचे आजोबा बसलेले असत, मूर्तिजापूरकडचे. ते शांततेत मोठ्यानं म्हणाले, "आमची म्हैस अश्शीच उठते."

मी हात टेकून तशीच थांबले. कानशिलं तापली.

"अन् आजवरी कोनाले उचला नाई लागली तिले," आजोबांनी वाक्य पूर्ण केलं.

आधी मॅडम हसल्या. मग मला हसू आलं, आणि वाकलेली बाई हसायला लागली की तोल जातो. मी एकदा डगमगले, हात मांडीवर घेतला आणि उभी राहिले.

नीलेश हसत नव्हता. फोन हातात तसाच धरून तो म्हणाला, "आई, पुन्हा एकडाव कर."

मी पुन्हा आडवी झाले, पुन्हा उठले. दुसऱ्या वेळी कोण बघतं ते मी पाहिलं नाही.

"मास्तरले नाई म्हनून सांगतो," तो म्हणाला आणि हेल्मेट घालून बाहेर गेला. हॉलच्या आतच घातलं होतं त्यानं. त्यामुळं त्याचा चेहरा मला दिसला नाही.

*

निघताना कल्पनानं औषधांची पिशवी भरली. वरून शेंगदाण्याचे लाडू ठेवले. म्हणाली, "तुमाले उचलून उचलून माहेही हात भरले आई. आता कोनाले उचलू?"

"नीलेशले उचल," मी म्हटलं. अशी गंमत मी सुनेशी पहिल्यांदा केली. तिच्याबद्दल मला काय वाटतं ते मला बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहिते. माझ्या पोटच्या मुलीनंही यापेक्षा जास्त केलं नसतं, आणि जे केलं ते कधी बोलून दाखवलं नाही.

नीलेशनं अंजनगावच्या संडासात भिंतीला धरायचा लोखंडी गज बसवून दिला. बैठकीत एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि बजावलं, "हिच्यावरच बसत जाय." शमीमआपा भिंतीपलीकडून आली. दारातच मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"अरी, मोटी हो गई तू तो!" ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "अल्हमदुलिल्लाह."

मी आता अर्धा दिवस मळ्यात जाते. आत शिरायच्या आधी शर्ट काढून, दुपट्टा सोडून बांधावर उन्हात बसते. मालक पहिल्यांदा म्हणाले, "काहून वं मंदाबाई, पापड व्हायचं हाये काय?" आता दोघी-तिघी माझ्यासोबत बसतात. सगळ्यात वरची पानं मी दुसऱ्यांना सोडते. बादली अर्धी भरते आणि दोन खेपा करते. हाडं थंडीत थोडी दुखतात. डॉक्टरांकडे तपासणीला जावं लागतं आणि गोळ्या चालू आहेत. मी पूर्वीसारखी झाले नाही. पूर्वीसारखं म्हणजे नेमकं कसं, तेही मला आता नीट सांगता येत नाही.

कोणत्या बाईला खाली बसून उठताना त्रास होत असेल, पायरी चढताना गज धरून स्वतःला ओढावं लागत असेल, तर तिनं वाताचं नाव सांगून बसू नये. रक्त तपासून घ्यावं. उपास करायचा तर देवासाठी करा, पण डॉक्टरला विचारून, आणि पारण्याला पोटभर जेवा. बाई बारीक झाली म्हणून लोक कौतुक करतात, कारण लोकांना तेवढंच दिसतं. बादली उचलताना तुम्हाला काय होतं, ते त्यांना दिसत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागतं. आणि सोबतीला कोणी शमीमआपा असली तर तिच्यापासून काही लपवू नका.

ज्यांनी मला उभं केलं त्यांची नावं मोठी करून लिहायची मला सवय नाही. अमरावतीचे डॉक्टर, अकोल्याच्या मॅडम, ते लकव्याचे आजोबा, सगळ्यांचं भलं होवो.

नीलेशचा फोन रोज संध्याकाळी येतो. काल आला तेव्हा मी फरशीवर पालक निवडत होते.

"खुर्चीवर बसून हायेस ना?" त्यानं विचारलं.

"खुर्चीवर आपा बसली हाये."

"अन् तू?"

"मी खाली."

"मग आपाले बसवून ठेव थोडं. तू उठेपर्यंत."

"अरे, ते चालली घरी," मी म्हटलं. "अन् तू फोन ठेव बरं. दूध उतू जाऊन राह्यलं, मले उठाचं हाये."